बडोद्यात राहून मानव्यविद्येत पीएच.डी. : अर्जाच्या आधीचं वर्ष आणि अर्ज

पीएच.डी. प्रवेशाची जाहिरात आली की आपल्याकडे धावपळ सुरू होते. मार्कशीटच्या झेरॉक्स, फोटो, सही स्कॅन करणं, आणि या सगळ्यात फॉर्मवरचा ‘संशोधनाचा विषय’ हा रकाना शेवटच्या दिवशी कसाबसा भरला जातो. खरं काम त्या रकान्यातच असतं. फॉर्म भरायला एक दुपार लागते. विषय, मार्गदर्शक आणि आराखडा जमायला जवळजवळ वर्ष लागतं. म्हणून या लेखात फॉर्म बराच उशिरा येतो.

उदाहरणं मी बडोद्याची आणि महाराजा सयाजीराव विद्यापीठाची घेतली आहेत. नियम मात्र विद्यापीठ अनुदान आयोगाचे, म्हणजे यूजीसीचे आहेत. ७ नोव्हेंबर २०२२ रोजी अधिसूचित झालेले हे नियम देशभर लागू आहेत.

आपण पात्र आहोत का

तीन वर्षांची पदवी आणि दोन वर्षांचं एम.ए. असेल तर एम.ए.ला किमान ५५ टक्के हवेत. चार वर्षांची पदवी घेऊन एक वर्षाचं एम.ए. केलेल्यांनाही हीच अट आहे. चार वर्षांच्या पदवीनंतर एम.ए. न करता थेट यायचं असेल तर ७५ टक्के लागतात. अनुसूचित जाती, जमाती, नॉन-क्रीमी लेयर ओबीसी, आर्थिक दुर्बल घटक आणि दिव्यांग उमेदवारांना यात ५ टक्क्यांची सूट मिळते. एम.फिल. आता बंद झालं आहे; ‘आधी एम.फिल. कर, मग पीएच.डी.’ असा जुना सल्ला घरातल्या कुणी दिला तर तो विसरायचा.

यूजीसीच्या या नियमांत वयाची अट नाही. बडोद्यात बँकेतून, रिफायनरीतून, शाळांतून निवृत्त झालेली किती तरी मराठी माणसं आहेत, ज्यांनी नोकरी सांभाळून एम.ए. केलं आणि पुढचं राहून गेलं. त्यांच्यासाठी दार उघडं आहे. नोकरीत असलेल्यांना अर्धवेळ पीएच.डी. करता येते, पण त्यासाठी कार्यालयाची एनओसी लागते आणि तिच्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असाव्या लागतात : अर्धवेळ अभ्यासाला परवानगी आहे, कामाच्या स्वरूपामुळे संशोधनाला पुरेसा वेळ मिळतो, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी, म्हणजे प्रवेशानंतरच्या सक्तीच्या अभ्यासक्रमासाठी, मोकळं केलं जाईल. नुसतं ‘आमची हरकत नाही’ असं एका ओळीचं पत्र पुरत नाही. साहेबांकडे जातानाच या तीन वाक्यांचा मसुदा टाइप करून न्या.

दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीची पीएच.डी. यूजीसीच्या नियमांत चालत नाही. ‘घरबसल्या दोन वर्षांत डॉक्टरेट’ असा मेसेज आला तर पैसे भरू नका. किमान मुदतच कोर्सवर्क धरून तीन वर्षांची आहे.

विषय : साहित्य हाताशी असेल तोच

माझं ठाम मत आहे की पहिल्यांदा संशोधन करणाऱ्याने विषय ठरवताना ‘मला काय आवडतं’ याच्याइतकाच ‘त्याची कागदपत्रं कुठे आहेत आणि मी तिथे आठवड्यातून कितीदा जाऊ शकतो’ हा प्रश्न विचारावा. या बाबतीत बडोद्यातला मराठी विद्यार्थी भाग्यवान आहे. पुण्या-मुंबईच्या संशोधकाला इथल्या साहित्यासाठी रात्रीची गाडी पकडून यावं लागतं. आपल्याला ते रिक्षाच्या अंतरावर आहे.

काय काय आहे पाहा. प्राच्यविद्या मंदिरात हजारो संस्कृत हस्तलिखितं आहेत. वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती याच संस्थेत तयार झाली आणि १९६० ते १९७५ या काळात प्रसिद्ध झाली. मांडवीजवळचं मध्यवर्ती ग्रंथालय म्हणजे सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून उभ्या केलेल्या ग्रंथालय चळवळीचं केंद्र. गावोगाव फिरणाऱ्या ग्रंथपेट्या त्याच चळवळीतल्या. विद्यापीठाचं हंसा मेहता ग्रंथालय आहे. राज्य अभिलेखागाराच्या इथल्या कार्यालयात गायकवाडी दफ्तर आहे, त्यात मोडीतले ढीगभर कागद आहेत. सक्तीचं प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये आधी अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात लागू झालं. मौलाबक्षांची गायनशाळा १८८६ मध्ये सुरू झाली. कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था १८९० ची. यातल्या प्रत्येक गोष्टीमागे अहवाल, पत्रव्यवहार, पाठ्यपुस्तकं आणि हिशेब आहेत, आणि त्यातलं बरंचसं मराठीत आणि गुजरातीत आहे.

दोन्ही भाषा वाचता येणं ही आपली मोठी पुंजी आहे. घरात मराठी, शाळेत आणि बाजारात गुजराती, कॉलेजात इंग्रजी अशी आपली वाढ झालेली असते आणि त्याचं आपल्याला काही वाटत नाही. संशोधनात मात्र एकाच संस्थानात दोन भाषांत चाललेला व्यवहार मूळ कागदांवरून ताडून पाहू शकणारी माणसं फार थोडी आहेत. मोडी येत असेल तर दुधात साखर. येत नसेल आणि विषय गायकवाडी दफ्तराचा असेल, तर अर्जाच्या आधीच शिकायला लागा. ‘प्रवेश मिळाल्यावर शिकेन’ हे उत्तर मुलाखतीत लंगडं पडतं.

विषय मनात आला की शोधगंगेवर जा. देशभरातल्या प्रबंधांचा हा साठा गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राकडून चालवला जातो. शोधगंगोत्री या दुसऱ्या साठ्यात चालू संशोधनांचे आराखडे असतात. शोधताना एक काळजी घ्या. मराठी प्रबंधांची नावं कुणी देवनागरीत भरलेली असतात, कुणी रोमन लिपीत, आणि रोमनमध्येही प्रत्येकाचं स्पेलिंग निराळं. ‘बडोदे’, ‘बडोदा’, ‘वडोदरा’, ‘गायकवाड’ हे शब्द देवनागरी, गुजराती आणि रोमन अशा तिन्ही लिप्यांत टाकून पाहा. तुमच्या विषयावर कुणाचा प्रबंध सापडला तर नाराज होऊ नका. त्याची प्रस्तावना आणि शेवटचं प्रकरण वाचा. ‘पुढील संशोधनाच्या दिशा’ या मथळ्याखाली पुष्कळदा तुमचाच विषय लिहून ठेवलेला असतो.

मार्गदर्शक कसा शोधावा

नियमाप्रमाणे एका वेळी प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ संशोधक असू शकतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी अवधी राहिलेल्यांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. त्यामुळे विभाग मोठा दिसला तरी रिकाम्या जागा दोन-तीनच असतात, एखाद्या वर्षी एकही नसते. विभागात जाऊन, कार्यालयात नम्रपणे विचारून, यंदा कुणाकडे जागा निघण्याची शक्यता आहे हे जाहिरातीच्या आधीच समजून घ्या. कुणाचा प्रबंध सादर होण्याच्या बेतात असेल तर ती जागा लवकरच मोकळी होणार असते.

विभागही विचारपूर्वक निवडा. ग्रंथपेट्यांवरचं काम मराठी विभागात होऊ शकतं, इतिहासात होऊ शकतं आणि ग्रंथालयशास्त्रातही. तुमचं एम.ए. ज्या विषयात आहे आणि परीक्षा ज्या विषयाची देणार आहात तो विभाग मुख्य, आणि दुसऱ्या विभागातून सहमार्गदर्शक, अशी सोय नियमात आहे.

भेटीला जाण्याआधी त्या सरांचे किंवा मॅडमचे दोन लेख तरी वाचा. मग ईमेल लिहा. तो इतका छोटा असावा (यातली श्रीसयाजी साहित्यमाला म्हणजे सयाजीराव महाराजांच्या काळात बडोदे संस्थानाने चालवलेली ग्रंथमाला) :

‘आदरणीय मॅडम, सादर नमस्कार. मी बडोद्याचीच. मराठी विषयात एम.ए. केलं आहे (६१ टक्के). श्रीसयाजी साहित्यमालेतल्या मराठी भाषांतरांवर पीएच.डी. करावी असा विचार आहे. मध्यवर्ती ग्रंथालयात मालेतली काही पुस्तकं पाहिली आहेत. केलेली यादी आणि एक पानाचं टिपण सोबत जोडलं आहे. आपला भाषांतरित कादंबरीवरचा लेख वाचला. भाषांतरकाराच्या प्रस्तावना कशा वाचाव्यात यावर आपण जे लिहिलं आहे, त्याचा मला उपयोग झाला. आपल्याला सोयीच्या दिवशी पंधरा मिनिटं भेटता येईल का?’

यादी जोडली आहे, हे या पत्रातलं सगळ्यात वजनदार वाक्य. रोज येणाऱ्या ‘आपल्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. करायची इच्छा आहे, विषय आपणच सुचवावा’ अशा पत्रांत ते लगेच उठून दिसतं. उत्तर आलं नाही तर दहा-बारा दिवसांनी एकदा आठवण करा, मग विभागात प्रत्यक्ष जा. शिक्षकांनी तोंडी ‘घेईन’ म्हटलं तरी प्रवेश हा समितीच्या निकालानंतरच पक्का होतो. कुणावर त्या शब्दाचा बोजा टाकू नका.

आराखडा

दीड-दोन हजार शब्द पुरतात, पण जाहिरातीत मर्यादा दिली असेल तर तीच पाळा. आता मथळ्याकडे या, कारण इथेच सगळ्यात जास्त आराखडे घसरतात.

‘बडोद्यातील मराठी साहित्य : एक अभ्यास’. हा मथळा घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला समिती पहिला प्रश्न विचारणार : कोणतं साहित्य, कोणत्या काळातलं? दीडशे वर्षांचं सगळं लेखन तीन वर्षांत कुणीच वाचू शकत नाही. त्याला आवळूया. ‘श्रीसयाजी साहित्यमालेतील मराठी भाषांतरे’. आता साहित्य ठरलं, पण प्रश्न अजून ठरला नाही. ‘श्रीसयाजी साहित्यमालेतील मराठी भाषांतरे : विषयनिवड, भाषांतरकारांच्या प्रस्तावना आणि परिभाषा’. आता प्रकरणंसुद्धा दिसू लागली. एक प्रकरण कोणते विषय निवडले आणि का यावर, एक प्रस्तावनांवर, एक नव्या पारिभाषिक शब्दांवर. आणि गुजराती येत असेल तर चौथं : त्याच मालेतल्या गुजराती पुस्तकांशी तुलना.

आराखड्याचा सुरुवातीचा परिच्छेद ‘साहित्य हा समाजाचा आरसा आहे’ इथून सुरू करू नका. समितीने ते वाक्य त्या दिवशी अनेकदा वाचलेलं असतं. थेट साहित्यावर या. उदाहरणार्थ :

‘सयाजीराव महाराजांच्या काळात बडोदे संस्थानाने मराठी व गुजराती या दोन्ही भाषांत ग्रंथमाला चालवल्या. त्यांतील भाषांतरांचा उल्लेख महाराजांच्या चरित्रात्मक लेखनात येतो. परंतु पुस्तके स्वतः उघडून त्यांची भाषा, प्रस्तावना व परिशिष्टे यांचा एकत्र अभ्यास करण्याचा हेतू या प्रबंधामागे आहे. मध्यवर्ती ग्रंथालयात मी आतापर्यंत पाहिलेल्या पुस्तकांची यादी शेवटी जोडली आहे. त्यांपैकी ज्यांना भाषांतरकाराची स्वतंत्र प्रस्तावना आहे, ती पुस्तके अभ्यासाचा गाभा ठरतील.’

काय अभ्यासणार, साहित्य कुठे आहे, आणि काम सुरू झालंय का, या तीन गोष्टींचं उत्तर यात आहे. यापुढे पूर्वाभ्यास येतो. तिथे प्रबंधांची जंत्री नको. तीन-चार महत्त्वाची कामं घ्या आणि प्रत्येकाबद्दल ते कुठपर्यंत पोचलं आणि कुठे थांबलं हे दोन ओळींत सांगा. ‘या विषयावर आजवर काहीही काम झालेलं नाही’ हे वाक्य शोधगंगा नीट पाहिल्याशिवाय लिहू नका. समितीतल्या एकाला जरी एखादा प्रबंध आठवला तर तुमचा सगळा आराखडा संशयाखाली येतो.

संशोधनपद्धतीच्या भागात ‘वर्णनात्मक, विश्लेषणात्मक व तुलनात्मक पद्धती’ असे तीन शब्द टाकून मोकळं होण्याची रीत पडली आहे. त्याऐवजी तुम्ही बसून नेमकं काय करणार ते लिहा : प्रत्येक पुस्तकाची नोंद कशी ठेवणार, मूळ इंग्रजी पुस्तक कुठून मिळवणार, पारिभाषिक शब्दांचं टिपण कसं करणार, अभिलेखागारातली कुठली खाती पाहणार. कामाचं वेळापत्रक सहा-सहा महिन्यांत मांडा आणि पहिल्या सहामाहीत कोर्सवर्क धरा.

प्रबंध कोणत्या भाषेत लिहायचा हेही आत्ताच विचारून ठेवा. मराठी विभागात मराठीत लिहिता येईल. इतिहासात किंवा समाजशास्त्रात बहुधा इंग्रजी लागेल, तर आराखडाही इंग्रजीतच लिहा आणि इंग्रजीच्या एखाद्या जाणकाराकडून तपासून घ्या. दुसऱ्याच्या मजकुरातली वाक्यं उचलू नका. आराखडाही सॉफ्टवेअरमधून तपासला जाऊ शकतो.

परीक्षा

२०२४ पासून नेटच्या, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या, निकालात तीन गट असतात : जेआरएफ या संशोधनवृत्तीसह सगळ्याला पात्र, सहायक प्राध्यापकपद आणि पीएच.डी. प्रवेशाला पात्र, आणि फक्त पीएच.डी. प्रवेशाला पात्र. जेआरएफवाल्यांचा प्रवेश मुलाखतीवर होतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटात नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं, आणि हे गुण पीएच.डी. प्रवेशासाठी एक वर्षच चालतात. म्हणून नेट कोणत्या सत्रात द्यायची हे विद्यापीठाच्या प्रवेशाचा महिना पाहून ठरवा. नेट सहसा जून आणि डिसेंबर अशी वर्षातून दोनदा होते.

पेपर पहिला ५० प्रश्नांचा, १०० गुणांचा. दुसरा १०० प्रश्नांचा, २०० गुणांचा. दोन्ही मिळून तीन तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. एकही प्रश्न कोरा सोडू नका. मराठी माध्यमातल्यांनी लक्षात ठेवायचं म्हणजे भाषेचा पेपर त्या भाषेत असतो, पण पहिला पेपर आणि इतिहास, समाजशास्त्र यांसारखे विषय फक्त हिंदी आणि इंग्रजीतच. पारिभाषिक शब्दांची हिंदी रूपं आधीच वाचून ठेवली तर परीक्षेत अडखळायला होत नाही.

विद्यापीठाने स्वतःची प्रवेश परीक्षा घेतली तर निम्मे प्रश्न संशोधनपद्धतीवर आणि निम्मे विषयावर असतात. मुलाखतीला जायला ५० टक्के लागतात, राखीव गटांना ५ टक्के सूट. गुजरातची राज्य पात्रता परीक्षा, म्हणजे जीसेट, तर आपलंच विद्यापीठ घेतं. ती प्रवेशासाठी कशी धरली जाते हे त्या वर्षीच्या जाहिरातीत वाचा.

कागदपत्रं आणि फॉर्म

गुजरातमधल्या सरकारी विद्यापीठांच्या प्रवेशांसाठी २०२४ पासून जीकॅस हे एकत्र पोर्टल आहे. पीएच.डी.चा अर्ज त्यावर भरायचा, विद्यापीठाच्या संकेतस्थळावर भरायचा की दोन्हीकडे, हे जाहिरातीतल्या सूचनांमधून नीट उतरवून घ्या आणि दोन्ही ठिकाणी नोंदवलेला मोबाइल व ईमेल एकच ठेवा.

सगळ्यात जास्त त्रास नावाचा होतो. गुजरातमधल्या मार्कशीटवर आडनाव आधी, महाराष्ट्रातल्या काही मार्कशीटवर शेवटी, आधारवर वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट, आणि लग्न होऊन पुण्याहून किंवा नाशिकहून बडोद्यात आलेल्या मुलींची पदवी माहेरच्या नावाने. नेटच्या फॉर्मवरचं नाव आणि आधारवरचं नाव आधी जुळवून घ्या. विवाहनोंदणीचा दाखला आणि लागल्यास दोन्ही नावांची एकच व्यक्ती असल्याचं शपथपत्र तयार ठेवा. दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्यांना मायग्रेशन प्रमाणपत्र लागतं. ते मागवायला वेळ जातो, त्यामुळे निकालाची वाट न पाहता अर्ज करून ठेवा.

जातीच्या दाखल्याबाबत अनेकांची गल्लत होते. महाराष्ट्रात काढलेल्या दाखल्यावर गुजरातच्या राज्य-आरक्षणातली जागा मिळत नाही. नेटसाठी ओबीसीचं प्रमाणपत्र केंद्रीय यादीप्रमाणे, केंद्राच्या नमुन्यात आणि नॉन-क्रीमी लेयरसह लागतं. जुनं निघालं तर नवं काढायला वेळ लागतो. तेव्हा फॉर्म सुरू व्हायच्या आधीच कलेक्टर कचेरीची फेरी मारून या.

मुलाखत

आराखडा वाचून दाखवायला सांगत नाहीत. ‘थोडक्यात सांगा’ म्हणतात. तीन मिनिटांचं निवेदन तयार ठेवा : कोणता प्रश्न, कोणतं साहित्य, आतापर्यंत काय पाहिलं. मग प्रश्न येतात, आणि ते बहुतेक साहित्याबद्दल येतात. ही पुस्तकं किती आहेत? सगळी बडोद्यातच आहेत का? मूळ इंग्रजी पुस्तक मिळालं नाही तर काय कराल? गुजराती पुस्तकं कशाला हवीत? या प्रश्नांची उत्तरं ग्रंथालयात बसलेल्याला देता येतात. फक्त वाचलेल्या सारांशांवर उभा राहिलेला माणूस लगेच उघडा पडतो. सोबत तुमची टिपणांची वही न्या. मध्यवर्ती ग्रंथालयातल्या दाखल क्रमांकांसह लिहिलेलं एक पान समितीपुढे ठेवता आलं तर पुढची चर्चा परीक्षेसारखी राहत नाही, कामाबद्दलची होते.

माहीत नसेल तर ‘हे मी अजून पाहिलेलं नाही’ म्हणा. अर्धवेळ अर्जदारांना वेळेबद्दल हमखास विचारतात. ‘शनिवार-रविवार’ एवढं सांगून भागत नाही, कारण अभिलेखागार रविवारी बंद असतं. रजेचा हिशेब करून जा.

पैसे आणि प्रवेशानंतरचे महिने

जेआरएफ मिळाली तर दरमहा ३७,००० रुपये, पुढे वरिष्ठ टप्प्यात, म्हणजे एसआरएफला, ४२,००० रुपये, शिवाय घरभाडं. जेआरएफसाठी वयाची मर्यादा आहे, स्त्रिया आणि राखीव गटांना सूट आहे. गुजरात सरकारची शोध ही योजना पूर्णवेळ संशोधकांना दरमहा १५,००० रुपये आणि वर्षाला २०,००० रुपये किरकोळ खर्चासाठी देते. भाऊ-बहीण नसलेल्या मुलींसाठी यूजीसीची सावित्रीबाई फुले यांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. या सगळ्यांचे अर्ज वेगळे, त्यांच्या तारखा वेगळ्या; प्रवेश झाला की शिष्यवृत्ती आपोआप येत नाही.

प्रवेशानंतर किमान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क असतं, ५५ टक्क्यांनी उत्तीर्ण व्हावं लागतं, आणि दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती सांगावी लागते. सहा वर्षांची कमाल मुदत प्रवेशाच्या तारखेपासून मोजली जाते, पुनर्नोंदणीने दोन वर्षं वाढतात, स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना आणखी दोन. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. ती अर्ज करून, लेखी मंजूर करून घ्या.

यंदा नाव लागलं नाही तर विभागात जाऊन विचारा की कमी पडलं ते गुण, जागा की आराखडा. जागा नव्हती असं कळलं तर तोच आराखडा घेऊन दुसऱ्या विद्यापीठात अर्ज करता येतो, आणि साहित्य बडोद्यातच असल्यामुळे काम इथेच चालू राहतं. आराखडा कमी पडला असेल तर पुढच्या जाहिरातीपर्यंतचे महिने ग्रंथालयात घालवा, यादी वाढवा, आणि त्याच मॅडमना वाढलेली यादी पाठवा.